वरकस पड होती, म्हणून वनहक्काचा दावा फेटाळता येतो का?

प्रश्न: आम्ही वारली, पालघर जिल्ह्यातल्या डोंगरी भागातले. आजोबांपासून दीड एकर वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, कसतो. वडिलांचा वनहक्क दावा ग्रामसभेने मान्य केला होता, पण उपविभागीय समितीने तो नामंजूर करण्याची शिफारस केली आहे. कारणं दोन: तीन पिढ्यांचा पुरावा नाही आणि 2005 च्या उपग्रह चित्रात पीक दिसत नाही. पत्र वडिलांच्या हाती पडून 41 दिवस झाले. वनखात्याचे गार्ड म्हणतात, यंदा त्या जागेत पाऊल टाकायचं नाही. नागली (नाचणी) पेरायची की नाही?

उत्तर: ताई, आधी दिवस मोजा. जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला 60 दिवस मिळतात, त्यातले तुमच्याकडे 19 उरलेत. समिती आणखी 30 दिवस देऊ शकते, पण ते तिच्या मर्जीवर आहे. त्यावर विसंबू नका. अर्जावर वडिलांची सही किंवा अंगठा घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.

पहिलं कारण तर वनहक्क कायद्यातच बसत नाही. तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची अट इतर पारंपरिक, म्हणजे अनुसूचित जमातीत नसलेल्या, वननिवासींना आहे. तुम्ही अनुसूचित जमातीचे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन तुमच्या ताब्यात होती आणि पोटापाण्यासाठी तुम्ही तीच कसत आहात, एवढं दाखवलं की पुरे. जातीचा दाखला सोबत जोडा.

दुसरं कारण वाचून मला खरंच वाईट वाटलं. वरकस दरसाल पिकत नाही, हे तुमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एक साल नागली, दुसऱ्या साली वरई, मग खुरासणी, आणि नंतर जमिनीला दम घ्यायला काही वर्षं पड. पडीच्या सालात आकाशातून काढलेल्या चित्रात गवत आणि झुडपंच दिसणार! उतारावरची माती टिकवणारं हे शहाणपण तुमच्याविरुद्धचा पुरावा कसं होईल? वनहक्क नियमांतही स्पष्ट आहे: उपग्रह चित्र इतर पुराव्यांच्या जोडीला चालतं, त्यांच्या जागी नाही.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. आजोबांचा घ्याच, पण घराबाहेरच्यांचं वजन जास्त. नुसतं ‘आम्ही यांना ओळखतो’ असं नको. कोणत्या साली कोणतं पीक होतं, पड किती वर्षं ठेवतात, बांध कुणी घातला, मोहाचं झाड कुणाच्या हद्दीत, सगळं त्यांच्याच बोलीत उतरवा. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियम 13 प्रमाणे पुरावाच आहे. त्याच्या जोडीला बांधांचे फोटो, पंचनामा आणि जुनी दंडाची पावती असेल तर तीही लावा. अतिक्रमणाबद्दल आजोबांना दंड झाला असेल, तर ते तेव्हा तिथे कसत होते हे खुद्द खात्यानंच लिहून ठेवलं आहे. अनेकांनी अशा पावत्या भीतीनं फाडून टाकल्या. तुमच्या घरातली पत्र्याची पेटी एकदा उपसून पाहा.

अर्जात आणखी एक मुद्दा मांडा: ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला असेल, तर दावा फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायला हवा होता. सुनावणी घेतल्याशिवाय तुमच्याविरुद्ध निर्णय देता येत नाही.

आता नागली. पेरा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे तुम्हाला तिथून काढता येत नाही. मात्र जुन्या बांधाबाहेर वीतभरही सरकू नका, आणि राबासाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) आसपासची झाडं छाटू नका, नाहीतर नवा गुन्हा अंगावर येईल. गार्ड आले तर हुज्जत न घालता लेखी आदेश मागा आणि अर्जाची पोच दाखवा.

वकिलाच्या फीची चिंता नको. अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जबाब लिहून झाले की ते घेऊन सरळ तिथे जा. आणि हो, हक्क मान्य झाला की पट्ट्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कपत्रावर, वडिलांसोबत आईचंही नाव लागलं पाहिजे. कायदा तसंच सांगतो, पण लावून घ्यावं लागतं.