फ्रीजवरचे दोनशे रुपये

पत्र बरंच मोठं होतं. कापून देते आहे.

"मावशी, मी सांगलीला राहते. वय ३४. मिस्टर कुपवाडला एमआयडीसीत कामाला आहेत. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. भाडं, लाइटबिल, दूध, शाळेची फी हे बघतात, बाकीचा घरखर्च माझ्याकडे (रोज सकाळी डबा घेऊन निघताना फ्रीजवर दोनशे रुपये ठेवून जातात). संध्याकाळी आले की विचारतात, आजचे कुठे गेले. आवाज चढवत नाहीत, पण विचारतात, आणि मला धड सांगता येत नाही. वीस-तीस उरलेच तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी ठेवतात, हिशेबाला पक्के आहेत. फोनवर बायका पाच हजारांत महिना काढून दाखवतात. मला सहा हजारांतही जमत नाही. गेल्या महिन्यात सिलिंडर संपला तेव्हा शेजारच्या काकूंकडून नऊशे उसने घेतले, पन्नास-पन्नास करून फेडते आहे, ह्यांना माहीत नाही. लाडक्या बहिणीचे पहिले तीन हजार एकदम आले होते तेव्हा अर्धं पोतं गहू, पाच किलो तूरडाळ आणि तेलाचा डबा भरला होता. ते दोन महिने जरा बरे गेले. आता ते पैसे मुलाच्या ट्यूशनला जातात. हे स्वभावाने फार चांगले आहेत, सुपारीचंही व्यसन नाही. दोष माझाच आहे. काटकसर कशी करायची ते शिकवा. सोबत आठ दिवसांची खरेदी लिहून पाठवते आहे. – एक उधळी."

तुझी सही मी आधी खोडली. मगच उत्तर लिहायला बसले.

तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तूगंच करते. चार पानं लिहिलीस. त्यात पालेभाजीचे देठ वाया घालवत नाहीस हे आहे, साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात भरून वापरतेस हे आहे, चहा दोनदाच करतेस हे आहे. पण ज्या ओळीत सगळं दुखणं आहे ती तू कंसात टाकलीस. फ्रीजवर दोनशे रुपये. रोज सकाळी. ती ओळ वाचल्यावर देठांचं आणि चिपट्यांचं मला काही वाटेनासं झालं.

तुझी आठ दिवसांची यादी समोर ठेवून बसले आहे. दहा रुपयांची चहापुडी सहा वेळा. साखर पाव किलो चार वेळा. तूरडाळ पाव किलो तीन वेळा, दर वेळी चाळीस रुपये. तेलाची दोनशे मिलिलिटरची पिशवी चार वेळा. ही उधळपट्टीची यादी नाही. ज्या बाईच्या हातात घरखर्चाला एका वेळी दोनशेच्या वर पैसे येतच नाहीत, तिची ही यादी आहे. दोनशेत डाळ, भाजी, तेल, चहा आणि पोराचा बिस्किटपुडा बसवायचा तर सगळं पाव-पाव किलोच आणावं लागतं. आणि पाव किलोचा भाव किलोच्या भावापेक्षा बहुतेक वेळा चढा पडतो. चहाची ती पुडी उलटून बघ, मागे वजन छापलेलं असतं. २५ ग्रॅम असेल तर किलोला चारशे रुपये झाले. त्याच चहाच्या अर्ध्या किलोच्या पाकिटाचा भाव शेजारी मांडून बघ. हल्ली एमआरपीजवळ ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही बारीक अक्षरात छापतात, ते वाचायची सवय लाव. तेलाचंही तसंच आहे. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. लिटरच्या पिशवीशेजारी तशीच दिसणारी साडेआठशे ग्रॅमची पिशवी स्वस्त म्हणून लावलेली असते, तिला भुलू नकोस. एक शॅम्पू तेवढा उलटा चालतो. तिथे पुष्कळदा पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते, तेव्हा शॅम्पूची पुडी घेतेस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

पण हे सगळं कळून तू करणार काय? अर्धा किलो चहापूड घ्यायची तर त्या दिवशी घरात भाजी येणार नाही. मार्केट यार्डाजवळ डाळ स्वस्त मिळते हे तुला पक्कं ठाऊक आहे. पण दोनशे रुपयांच्या खरेदीसाठी कोण तिकडं रिक्षा करून जाईल? म्हणून तू गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात जातेस, आणि तो सांगेल तो भाव देतेस.

तुला येत नाही असं काहीच नाही. पुरावा तुझ्याच पत्रात आहे. आयुष्यात एकदा तुझ्या हातात तीन हजार एकदम पडले. त्याचं तू काय केलंस? साडी नाही, पायातल्या पट्ट्या नाहीत. गहू, डाळ, तेल. कुणी शिकवलं नव्हतं, फोनवर बघून केलं नव्हतंस, आणि दोन महिने घर नीट चाललं. ज्या बाईला हे जमतं तिला मी काटकसर शिकवू?

आणखी एक आकडा सांगते, तो घरात मोठ्याने वाचून दाखव. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला आणि त्यातला जवळजवळ ४० टक्के खाण्यापिण्यावर होता. म्हणजे माणशी पावणेतीन हजार ते अठ्ठावीसशे, चौघांचे अकरा हजार. तू सहा हजारांत चौघांना जेवू घालतेस, आणि साबण-सोडाही त्यातच. दुधाचे पैसे वर धरले तरी अकराच्या पुष्कळ खाली राहतेस. पुन्हा स्वतःला उधळी म्हणालीस तर मला राग येईल.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. चांगले आहेत, चांगले आहेत, हे तू पत्रात पाच ठिकाणी लिहिलंस. असतील. निर्व्यसनी आहेत, तेही ठीक. पण सुपारी न खाणं हा काही घर चालवण्यातला वाटा नव्हे. कारखान्याने त्यांना रोज संध्याकाळी त्या दिवसाचेच पैसे मोजून दिले, दुसऱ्या सकाळी गेटवर "कालचे कुठे गेले" म्हणून विचारलं, आणि खिशात वीस उरलेले दिसले तर वीस कापून घेतले, तर ते तिथे आठवडाभर तरी टिकतील का? त्यांचा पगार सात तारखेच्या आत, एकदम, खात्यावर जमा होतो. त्यातून ते भाडं देतात, फी भरतात, पुढचं ठरवू शकतात. पुढचं ठरवायची सोय त्यांनी स्वतःजवळ ठेवली आहे आणि तुझ्याकडे फक्त आजचा दिवस दिला आहे.

उरलेले वीस-तीस दुसऱ्या दिवशी वळते करून घेणं, ह्याला तू "हिशेबाला पक्के" म्हणतेस. मला ते वाचून वाईट वाटलं. अगं, तू वाचवलेस म्हणून ते तुझ्याकडून गेले! असं असेल तर कुठली बाई वाचवेल? तुझा सिलिंडर इथेच अडला. एवढ्या रकमेची वस्तू रोजच्या दोनशेतून कधीच येणार नाही, आणि वीस-वीस करून साठवायला तुला मुभा नाही. मग तू नवऱ्यापासून लपवून शेजारणीची देणेकरी झालीस. हे कर्ज तुझ्या चुकीचं नाही. ते त्या फ्रीजवरच्या नोटांनीच केलं आहे.

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत होते. पगाराचं पाकीट ते न फोडता आईच्या हातात द्यायचे. ते कुणी थोर सुधारक नव्हते, रागीट होते, जेवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे. पण घरात काय कधी भरायचं हे आईला कळतं, एवढं त्यांना कळत होतं. आई शाळा शिकलेली नव्हती. सुगीनंतर ज्वारी उतरली की ती वर्षाची कणगी भरायची. मार्च-एप्रिलात मिरची आणायची, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि वर्षाची चटणी डंखावर कांडून आणायची. गव्हात कडुनिंबाचा वाळला पाला, डाळीला एरंडेलाचा हात. ७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) आला तेव्हा आमच्या घरात आदल्या सालची ज्वारी अजून शिल्लक होती. तुझ्याही आईने, नाहीतर आजीने, हेच केलं असणार. तुमच्या कृष्णाकाठी तर खपली गव्हाची पोती भरत होती. ह्याला बेगमी म्हणतात, आणि ती रोजच्या दोनशेतून कुणालाच करता आलेली नाही.

म्हणून तुला एकच गोष्ट करायची आहे. येत्या पगाराच्या रात्री, सासूबाई आणि मुलगा झोपल्यावर, नवऱ्यासमोर बस आणि म्हण: "अहो, उद्यापासून फ्रीजवर पैसे ठेवू नका. महिन्याचे सहा हजार मला आजच एकदम द्या." तेवढंच. एक रुपया जास्त मागू नकोस. वाढवून मागितलेस की बोलणं महागाईवर जाईल आणि तिथेच विरेल. पैसे तेच, फक्त एकदम. ह्याला नाही म्हणायला त्यांच्यापाशी कारण उरत नाही.

ते म्हणतील, एकदम दिले तर पंधरा तारखेला संपतील. तेव्हा त्या तीन हजारांची आठवण कर, गहू किती दिवस पुरला ते सांग. काकूंच्या नऊशेचंही त्याच रात्री सांगून टाक. ते लपवून ठेवलंस तर तुझा आवाज खालीच राहील. आणि संध्याकाळचा प्रश्न बंद. हिशेब हवा असेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी वही उघडायची, त्याच वहीत त्यांनी पगार किती आला आणि त्यांच्याकडचा खर्च किती झाला तेही लिहायचं. तुझ्या पत्रात त्यांचा पगार "वीसच्या आत असावा" असा आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. "असावा" पुरे झालं.

सहा हजार हातात आले की निम्मे पहिल्या दोन दिवसांत बाहेर काढ. डाळ, तांदूळ, तेल, साखर, चहा, साबण महिन्याचे भरायचे आणि सिलिंडरचे पैसे बाजूला बांधायचे. राहिलेल्या तीन हजारांची साडेसातशेची चार पाकिटं कर, आठवड्याला एक. भाजी, फळ, मुलाचं काही, दळण, सगळं त्यातून. आठवडी बाजार संध्याकाळी उतरतो तेव्हा जा. गव्हाची आणि चटणीची बेगमी ह्या वर्षी लगेच धरू नकोस, आधी तीन-चार महिने महिन्याचंच नीट बसू दे. पहिल्या महिन्यात २५ तारखेला तुझी ओढाताण होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. बारा वर्षं ज्या हातात पैसा राहिलाच नाही त्याला अंदाज यायला वेळ लागतो. तेव्हा घाबरून पुन्हा फ्रीजवर पैसे ठेवा म्हणू नकोस. चार दिवस पिठलं-भाकरी करून काढ, आणि पुढच्या महिन्यात पहिल्या पाकिटाला जरा कमी हात लाव.

मोठ्या दुकानातल्या "तीनवर एक फुकट"मध्ये शिरू नकोस. बिस्किटं, नूडल्स घरात जास्त आली की जास्तच संपतात. भरून ठेवायचं ते शिजवून खायचं धान्य.

आणि फोनवरच्या त्या पाच हजारवाल्या बायका बघणं बंद कर. त्यांच्या घरी भाडं कोण देतं, गावाकडून तांदूळ येतो का, काही कळत नाही, आणि तू इकडे रात्री जागून स्वतःला शिव्या देत बसतेस.

हवं तर हे उत्तर त्यांना वाचायला दे. मला त्यांचा राग आला आहे हे त्यांना कळलं तरी चालेल.

पगार सातला होतो असं धरते. आठ तारखेला मला दोन ओळी टाक, पैसे एकदम मिळाले का एवढंच. आणि ह्या वेळी खाली स्वतःचं नाव लिही. मी छापणार नाही, पण मला हवं आहे.