'मातृवंशीय' म्हणजे आईकडून आलेला आजार का?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय की एका लेखात 'मायटोकॉन्ड्रियल डीएनएतील दोषांमुळे होणारा मातृवंशीय अल्झायमर' असं वाचलं, तर मातृवंशीय आणि आनुवंशिक एकच का? त्यांच्या आजीला स्मृतिभ्रंश आहे, ती कळण्याचं पीठ मळून ठेवते आणि लगेच परत पिठाच्या डब्यात हात घालते, आणि आता बहिणीच्या सोयरिकीत 'पोरीच्या आजोळी वेड आहे' असं बोलणं निघालंय.

ताई, त्या वाक्यात शब्दांची पार गल्लत झालीय. मातृवंशीय हे विशेषण त्या डीएनएचं, आजाराचं नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणतात, पेशीला लागणारी बरीचशी ऊर्जा तिथे तयार होते आणि तिच्यात स्वतःचा छोटासा डीएनए असतो, 16,569 अक्षर-जोड्यांचा, 37 जनुकांचा. तो जवळपास नेहमी फक्त आईकडून येतो, म्हणजे मायनी माय, तिनी माय अशी सरळ ओळ. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही आईचाच मिळतो, फक्त मुलगा तो पुढे देत नाही. आजार खरंच मातृवंशीय म्हणायचा तर लेबर नावाचा डोळ्याच्या नसेचा आजार आहे, त्याचं मूळ या डीएनएतच आहे हे 1988 साली सापडलं.

अल्झायमरचं तसं नाही. त्यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते धोका वाढवणाऱ्या, एपीओई जनुकाच्या ई-4 प्रकाराबद्दल, आणि ते आहे केंद्रकातल्या 19 नंबरच्या गुणसूत्रावर, म्हणजे आईकडूनही येतं आणि बापाकडूनही. लवकर वयात होणारा, घराण्यात दिसणारा जो दुर्मिळ प्रकार आहे त्याची जनुकं 1, 14 आणि 21 नंबरवर, तीही दोघांकडून येतात. मग आईकडच्यालाच नावं का ठेवायची?

आता 'दोष'. मूळ इंग्रजी शब्द व्हेरिएशन असणार, त्याला भेद किंवा फरक म्हणा. आईकडच्या ओळीतल्या या फरकांवरून माणसांचे गट पाडतात, त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात, आपल्या देशात एम हा फार मोठा गट आहे, आणि कुठल्या गटात असणं हा काही दोष नव्हे. या गटांचा अल्झायमरशी संबंध शोधलाय लोकांनी, 2004 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात यू गटातल्या पुरुषांना धोका जास्त आणि बायकांना कमी असं आलं, पण पुढच्या अभ्यासांत सगळीकडे तसं जुळलं नाही. मेंदूतल्या तंतुकणिका थकतात, त्यांचं काम मंदावतं हे मात्र या आजारात दिसतं, म्हणून संशोधन चालूच आहे. तेव्हा 'दोषांमुळे होणारा' हे वाक्य टिकत नाही, 'मायटोकॉन्ड्रियल डीएनएतल्या फरकांचा अल्झायमरच्या धोक्याशी संबंध असू शकतो' एवढंच लिहावं.

आणि 'वेड' तर अजिबात नको, मला या शब्दाचा फार राग येतो. आजीला स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडे घरात 'डोकरी इसरी जास', म्हातारी विसरून जाते, म्हणतात ना, ते कितीतरी बरोबर आहे, त्यात जे घडतंय तेवढंच सांगितलंय. सोयरिकीवाल्यांनाही तेच सांगा, आणि हेही की आजी-आजोबांना उतारवयात हा आजार झाला म्हणून नातीला होणारच असं नसतं.

लिहिताना 'अनुवंशिक' नको, 'आनुवंशिक' लिहा, अनुवंशला 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो, समाजचं सामाजिक होतं तसं.