बडबडगीतं कुठली लावू?

लहान मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात ते बहुतेकदा जेवण, झोप नाहीतर हट्ट यांपैकी काहीतरी घेऊन. बोलता बोलता मोबाइलचा विषय निघतो आणि हमखास प्रश्न येतो, "मुलाला नुसती ऐकायला कुठली बडबडगीतं लावू?" अशाच एका आईचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सव्वादोन वर्षांचा. बोलणं वयाला साजेसं. गाण्यांचे व्हिडिओ बघत जेवायची त्याला सवय लागली होती. आईला व्हिडिओ बंद करायचे होते, गाणी नाही. पण नुसता आवाज लावला की तो उठून मोबाइल ओढायचा. "त्याला ऐकण्यात रसच नाही का?" हा तिचा एक प्रश्न. दुसरा तिने जरा अडखळत विचारला. "मी स्वतः म्हटली असती हो गाणी, पण माझा आवाज अगदी भसाडा. माझं ऐकून त्याचा कान बिघडला तर?"

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली, कारण पहिल्याची किल्ली त्यातच होती. डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८० साली दाखवलं की, जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं तोंडातली चोखणी चोखण्याची लय बदलून आईचा आवाज ऐकायला मागतात. परक्या बाईच्या आवाजापेक्षा त्यांना तो हवासा वाटतो. त्यात आई गायिका असण्याची अट नव्हती! २००३ साली संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा ऐकवली. ज्यांच्याशी माणसं समोर बसून बोलली, खेळली, ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. ज्यांनी तेच व्हिडिओवर पाहिलं किंवा नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं, ती शिकली नाहीत. ती बाळं या मुलापेक्षा लहान होती आणि प्रश्न ध्वनींचा होता, गाण्यांचा नव्हे. पण रेकॉर्डिंग माणसाची जागा घेत नाही, हे मी माझ्या कामातही सतत बघते. म्हणून माझं मत ठाम आहे: रेकॉर्डिंग शोधायचं ते आईबाबांना गाणं पाठ व्हावं म्हणून.

मग तिच्या मोबाइलमधली गाणी आम्ही दोघींनी मोबाइल पालथा ठेवून ऐकली. चित्र काढून घेतलं की गाण्यात काय उरतं ते लगेच कळतं. काहींत वाद्यांच्या गदारोळात शब्दच सापडेनात. काहींचा वेग असा, की मोठ्या माणसालाही टाळी धरता येऊ नये. एक कडवं संपतं न संपतं तोच दुसरं सुरू. मुलाने तोंड उघडायचं कधी? आम्ही ठेवली ती एकाच आवाजातली, एखाद-दुसऱ्या वाद्याची, संथ, मध्ये श्वास घ्यायला जागा असलेली आणि तिच्या खालच्या पट्टीत बसणारी. दोनदा ऐकून काम करताना ओळ आपसूक ओठावर आली, तर गाणं घ्यायचं, नाहीतर सोडायचं. उरली मोजकीच.

"इतकीच? त्याला कंटाळा नाही येणार?"

कंटाळा आपल्याला येतो. ससेक्स विद्यापीठातल्या २०११च्या अभ्यासात, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुलं नवे शब्द अधिक चांगले शिकली. गाण्याच्या बाबतीत तर पुढची ओळ आधीच ठाऊक असण्यातच मुलाची अर्धी मजा असते.

लावायचं कसं, हेही ठरवलं. मोबाइल नजरेआड, आवाज छोट्या स्पीकरवर आणि इतका बेताचा, की त्यावर नेहमीच्या सुरात बोलता यावं. इअरफोन नाहीत. आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंद. दोन-तीन गाणी झाली की शांतता. दिवसभर मागे वाजत राहणारं गाणं मूल ऐकेनासं होतं. आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आईने गिळायचा, त्याच्याकडे बघत थांबायचं.

सुरुवातीचे दिवस रडारडीचे गेले. मी त्यांना तशी कल्पना दिलीच होती. मग एकदा आंघोळीच्या वेळी आई थांबली आणि गाळलेला शब्द त्याने जोरात भरला. पुढे ती स्पीकरशिवायच गायला लागली. चाल चुकते, असं ती सांगते. मुलगा त्याच चुकलेल्या चालीत म्हणतो. लांब राहणाऱ्या आजीकडूनही दोन गाणी तिने फोनवर रेकॉर्ड करून मागवली आहेत.

अशाच काळजीत असलेल्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्याहून कमी तितकं बरं. आणि मूल हाकेला, आवाजाला वळून बघत नसेल किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर गाणी शोधत न बसता आधी बालरोगतज्ज्ञांना भेटून कानांची तपासणी करून घ्या.

या मुलाचं जेवताना व्हिडिओ मागणं कमी झालंय, पुरतं सुटलेलं नाही. त्यावर आमचं काम चालू आहे.