वाघ दिसला नाही, म्हणजे सहल वाया गेली?

सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "मॅडम, एवढा खर्च करून ताडोब्याला नेलं आणि हा जिप्सीत सारखा 'घरी कधी जायचं?' करत होता. आजकालच्या मुलांना कशाचं कौतुकच नाही."

पुण्याचं एक जोडपं हेच सांगत आलं. मुलगा सहा वर्षांचा. बाबांनी भरपूर अभ्यास केला होता: १९५५ सालचं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, कोणत्या वाघिणीचा इलाका कुठला, सगळं तोंडपाठ. मोहर्ली गेटमधून एकाच दिवसात सकाळ-दुपार दोन सफारी केल्या, पण वाघ काही दिसला नाही. तेव्हापासून मुलगा म्हणतो, "मला जंगल आवडत नाही."

मी बाबांना विचारलं, "जिप्सीत काय बोलणं चाललं होतं?"

"गाइडला विचारत होतो, काल कुठे दिसला, पाणवठ्यावर थांबायचं का..."

"आणि मुलाशी?"

ते आईकडे बघू लागले. आई म्हणाली, "मी त्याला गप्प बस म्हणत होते."

मुलाला मी कागद आणि खडू दिले. त्यानं जिप्सी काढली आणि शेजारी तिच्याहून उंच, तपकिरी ढिगारा.

"हे वारूळ. अस्वल नखांनी फोडतं आणि वाळवी अशी सुर्रकन ओढून खातं. गाइडकाकांनी सांगितलं." मग खडू फिरवता फिरवता म्हणाला, "पण बाबांना काहीच दिसलं नाही."

हे चित्र मी पुढच्या भेटीत बाबांसमोर ठेवलं, मुलाचं वाक्यही सांगितलं. बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले. "हे त्यानं कधी पाहिलं?" मग हळूहळू आणखी काही बाहेर आलं. त्यांच्या वडिलांना मुलांना कुठे फिरवणं कधी परवडलंच नव्हतं. आपल्या मुलाला सगळ्यात भारी तेच दाखवायचं, या जिद्दीनं ते ताडोब्याला गेले होते. वाघ हुकला तेव्हा त्यांना वाटलं, बाप म्हणून आपण कमी पडलो. परतीच्या वाटेवर ते गप्प होते, आणि मुलानं ती शांतता स्वतःवर ओढून घेतली होती.

माझं मत इतक्या वर्षांच्या कामानंतर पक्कं आहे. लहान मूल अनोळखी जागा आधी आईबाबांच्या चेहऱ्यावर वाचतं. तिथे निराशा दिसली तर त्याच्या लेखी ती जागाच वाईट ठरते. म्हणून मूल 'कंटाळा आला' म्हणतं तेव्हा मी आधी मोठ्यांकडे वळते. या बाबांनी घरी जाऊन मुलाला एवढंच विचारलं, "अस्वल वारूळ फोडतं कसं, मला दाखव ना." मुलानं सोफ्यावरच्या उशा फोडून दाखवल्या म्हणे. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं.

लहान मुलांना जंगलात नेणार असाल तर दिवसाला एकच सफारी ठेवा. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, उघड्या जिप्सीत काही तास बसणं लहानग्यांना झेपत नाही. पावसाळा संपून गेट उघडली की हिवाळ्यापर्यंतचा काळ बरा. पहाटेची गाडी असेल तर कानटोपी आणि पांघरूण हवंच. मंगळवारी ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो. वाटेत उतरता येत नाही, म्हणून शू गेटवरच उरकून घ्या. कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, त्याचा त्रास मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त होतो. गाइडला सुरुवातीलाच सांगा, "मुलांना ठसे दाखवा, वाघाची चाहूल लागल्यावर वानर देतं तो इशारा ऐकवा." आणि रात्री जेवताना प्रत्येकानं, मोठ्यांनीसुद्धा, आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. वाघ दिसला असला तरी मुलाला हरणाच्या शेपटीबद्दलच बोलायचं असेल, तर बोलू द्या.

शेवटच्या भेटीत बाबांनी विचारलं, "पुन्हा नेऊ का त्याला?" मी म्हटलं, "त्यालाच विचारा." मुलानं अट घातली की गाडी वारुळापाशी थांबवायची. त्यांनी डिसेंबरची एकच सफारी बुक केली आहे, दुपारची, कारण आईला त्याला पहाटे उठवायचं नाही.