५५५ टायमर चिप न वापरता नुसत्या लॉजिक गेटवर एलईडी लुकलुकवता येतो का? माझ्या ७४एचसी०४ वर होत नाहीये.

तुमच्या प्रश्नात लिहिलंय की ७४एचसी०४ च्या (सहा इन्व्हर्टर, म्हणजे इनपुट उलटं करून देणारी गेट असलेल्या चिपच्या) एका इन्व्हर्टरच्या आउटपुटपासून इनपुटला १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, इनपुटपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, ५ व्होल्ट दिले. एलईडी मंद पेटून तसाच राहतो आणि चिप कोमट होते. जोडणी बरोबर आहे. चिप चुकीची आहे. ०४ काढा, त्याच जागी ७४एचसी१४ बसवा. पिना जशाच्या तशा जुळतात, एक वायरही हलवावी लागणार नाही.

कारण असं. ०४ ला ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामधली एकच रेघ कळते, साधारण अडीच व्होल्टची. आउटपुट रेझिस्टरमधून परत इनपुटला आलं की कपॅसिटर त्या रेघेवर जाऊन थांबतो आणि गेट अर्धवट चालू, अर्धवट बंद अशा अवस्थेत अडकतो. आतला वरचा आणि खालचा असे दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे थोडे चालू राहतात, सप्लायमधून सरळ ग्राउंडला करंट वाहतो, म्हणून चिप कोमट. पिन २ वर मल्टीमीटर लावून बघा, २.५ च्या आसपास काहीतरी दिसेल.

१४ मध्ये श्मिट ट्रिगर असतो. त्याला दोन रेघा असतात: इनपुट वर जाताना एक, खाली येताना दुसरी. सोसायटीच्या टाकीवरच्या फ्लोट स्विचसारखंच, टाकी पुरती उतरल्याशिवाय मोटर सुरू होत नाही आणि भरल्याशिवाय बंद होत नाही. कपॅसिटर या दोन रेघांमध्ये भरत-रिकामा होत राहतो आणि आउटपुटला चौकोनी लहर मिळते. (ऑटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात माखळीच्या जातीतल्या स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना ही कल्पना काढली. तेव्हा अर्थातच व्हॅक्यूम ट्यूबवर.)

आता प्रत्यक्ष जोडणी. पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड, आणि या दोघांत चिपला चिकटून एक १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर. पिन १ आणि २ मध्ये १०० किलोओहम. पिन १ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, प्लस बाजू पिन १ कडे. एलईडी पिन २ वर लावू नका. पिन २ ची वायर पिन ३ ला द्या आणि एलईडी पिन ४ वर १ किलोओहममधून लावा, म्हणजे एलईडीचा भार टायमिंगवर येत नाही. उरलेले इनपुट, म्हणजे ५, ९, ११ आणि १३, ग्राउंडला बांधा. हे बरेच जण टाळतात, मग बोट जवळ नेलं की सर्किट वेड्यासारखं का वागतं म्हणून विचारत बसतात.

एका आवर्तनाला लागणारा वेळ साधारण ०.८ ते ०.९ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर). वरच्या किमतींना सेकंदाहून थोडं कमी. पण यात अचूकता शोधू नका. ४००० मालिकेतली हिची बहीण सीडी४०१०६ घ्या: तिच्या डेटाशीटमध्ये ५ व्होल्टला वरची रेघ २.२ ते ३.६ मध्ये कुठेही असू शकते असं सरळ लिहिलंय. चिप बदलली की वेग बदलणार. घड्याळ करायचं असेल तर ३२७६८ हर्ट्झचा क्रिस्टल आणि सीडी४०६० ही मोजणी करणारी चिप, हा वेगळा रस्ता आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी घ्यायला गेलात तर नंबर पूर्ण सांगा. ७४एलएस१४ हातात पडली तर तिच्या इनपुटमधून इतका करंट बाहेर येतो की १०० किलोओहम चालतच नाही, काही शे ओहमचाच रेझिस्टर लागतो. ९ व्होल्टची बॅटरी वापरायची असेल तर ४०१०६ च घ्या. एचसी ६ व्होल्टच्या वर चालवायची नसते. मात्र ४०१०६ चं आउटपुट दुबळं असतं, एलईडी लख्ख हवा तर मध्ये एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाका.

आणि घरात ०४ च असेल तर? दोन गेट वापरा. पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला. पहिल्याच्या आउटपुटपासून ४७० किलोओहम आणि दुसऱ्याच्या आउटपुटपासून १ मायक्रोफॅरड, दोन्ही एका बिंदूला आणा. त्या बिंदूपासून १ मेगाओहममधून पहिल्याच्या इनपुटला. इथे वेळ साधारण २.२ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे सेकंदभर. कपॅसिटर मात्र प्लस-मायनस नसलेला हवा, कारण त्यावरचं व्होल्टेज दोन्ही दिशांना फिरतं.

हे जमलं की सीडी४०९३ आणा, खरी मजा तिच्यात आहे. दोन-दोन इनपुटचे चार नँड गेट (दोन्ही इनपुट ‘हो’ असतील तरच आउटपुट ‘नाही’), चारही श्मिट. एका गेटवर वरच्यासारखा मंद ऑसिलेटर करा, दुसऱ्यावर १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा जलद, हजारेक हर्ट्झचा. मंद गेटचं आउटपुट जलद गेटच्या मोकळ्या इनपुटला दिलं की पिझो डिस्क पीप-पीप वाजायला लागते. ४०९३ ऐवजी ७४एचसी१३२ बसवणार असाल तर पिना पुन्हा तपासा: ४०९३ मध्ये दुसऱ्या गेटचं आउटपुट पिन ४ वर आहे, १३२ मध्ये ते ६ वर.