फरशीवर काहीच पडलं नाही?

प्रश्न : आमची मांजर मनी चार वर्षांची आहे. दोन महिने झाले, मान लांब करून ढास लागते. केस अडकले असतील म्हणून माल्टची पेस्ट चाटवतोय. फरक नाही. (महाल)

उत्तर : ढास लागल्यावर फरशीवर काय पडतं? काहीच नाही ना? केसांचा गोळा पोटातून येतो. त्या वेळी पोट जोरात आतबाहेर होतं आणि शेवटी ओला पुंजका पडतो. अंग जमिनीला टेकवून, कोपरे बाहेर काढून, मान ताणून ढास लागते आणि मग घोट गिळून मांजर काही झालंच नाही अशी चालू लागते, तो खोकला. पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात मांजर खोकत नाही, टेबलावर चिडीचूप बसते.

एवढा जुना खोकला म्हटला की आधी दम्याचा संशय येतो. एक्स-रेत सुजलेल्या श्वासनलिका गोल कड्यांसारख्या किंवा जोडरेघांसारख्या दिसतात. पण एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दमा नाही असं होत नाही. शिवाय फुप्फुसातले जंत हुबेहूब तसंच चित्र उभं करतात. मनी उंदीर, पाली पकडते का? हे जंत बहुधा तिथूनच येतात. विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीत ते निसटतात. नमुना कोमट पाण्यात बरेच तास ठेवून खाली उतरलेल्या अळ्या पाहाव्या लागतात, तशी तपासणी मागून घ्या. काही डॉक्टर थेट जंतांचं औषध देऊन बघतात, तेही चालतं. हे होण्याआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र घाईनं नको. खोकला दबतो अन् कारण झाकलं जातं. नागपूरच्या सेमिनरी हिल्समधल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करा.

प्रश्न : कूलर लागला की आमच्या बोक्याचा खोकला वाढतो. थंडी बाधते का? (प्रतापनगर)

उत्तर : थंडी नाही, कूलरच्या ताट्या. त्यातल्या नव्या वुडवूलची (लाकडाच्या बारीक तंतूंची) धूळ आणि जुन्या ताट्यांवरची बुरशी, दोन्ही दम्याच्या मांजराला सोसत नाही. देवघरातली उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, शौचाच्या ट्रेमधलं भुरभुरीत लिटर हेही बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बंद केलं तर गुन्हेगार सापडत नाही.

प्रश्न : मुलांचं खोकल्याचं औषध थोडंसं द्यावं का? (सदर)

उत्तर : अजिबात नाही. त्यात पॅरासिटामॉल असलं तर मांजराचं रक्त ऑक्सिजन वाहूच शकत नाही, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. ५०० मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो.

त्यापेक्षा मांजर गाढ झोपली की छातीचे श्वास मोजा. मिनिटाला ३० पर्यंत ठीक. सारखे ४० च्या वर जात असतील, तर सकाळची वाट पाहू नका. तोंड उघडून श्वास घेत असेल तरीही लगेच निघा. मे महिन्यात ‘उन्हानं धापा टाकतेय’ म्हणून घरचे गप्प बसतात, पण मांजर कुत्र्यासारखी धापत नाही.