‘ओ’ की बॉम्बे? रक्तगटावरचे वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधल्या रक्तगटांच्या संशोधनावर पत्रे बरीच आली. त्यातली निम्मी एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळी फक्त बॉम्बे रक्तगट: साध्या तपासणीत ‘ओ’ दिसणारा, पण फक्त आपल्याच गटाचे रक्त चालणारा दुर्मिळ गट.

प्रश्न : धाकट्या भावाच्या कंपनीच्या ओळखपत्रावर बारा वर्षे ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेले आहे. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनआधी ओ पॉझिटिव्हच्या चार पिशव्या लावून पाहिल्या, एकही जुळली नाही. रक्तपेढीवाले ‘बॉम्बे असेल’ म्हणतात. मग ओळखपत्र खोटे होते का? (सातारा)

उत्तर : खोटे नव्हते, तपासणी अर्धी झाली होती. आपल्या लाल पेशींवर ‘एच’ नावाचा प्रतिजन (पेशीवरची ओळखखूण) असतो. ए गटाच्या माणसात या एचवर एक साखर चढते, बी गटात दुसरी. ओ गटात काहीच चढत नाही, नुसता एच राहतो. म्हणजे ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो. बॉम्बे गटात हा पायाच नसतो, मग वरचा मजला कशावर चढणार? ए किंवा बीचे जनुक असले तरी पेशीवर त्याचा मागमूस दिसत नाही. काचपट्टीवर अँटी-ए आणि अँटी-बीचे (ए आणि बीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे) थेंब टाकून पाहिले की दोन्हीकडे पेशी जशाच्या तशा, आणि कागदावर ‘ओ’. शिबिरात बहुधा एवढेच होते.

फरक रक्तद्रवात (प्लाझ्मात) असतो. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात अँटी-ए आणि अँटी-बी असतातच, शिवाय जोरदार अँटी-एच असते. ते शरीराच्या तापमानालाही काम करते आणि ओच्या पेशी फोडते. क्रॉसमॅच (दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून पाहणे) केली म्हणून चार पिशव्या अडल्या. घाईत क्रॉसमॅच न करता ओ चढवले असते, तर थंडी-ताप, कंबरदुखी, काळपट लघवी, रक्तदाब घसरणे आणि मूत्रपिंडांवर घाला इथवर जाऊ शकले असते.

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसह ‘लॅन्सेट’मध्ये हा गट जगापुढे मांडला, आणि शहराचे नाव त्याला कायमचे चिकटले. भारतात हा गट साधारण 10,000 जणांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा.

आता करायचे ते असे. निदान पक्के करून लेखी घ्या. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, अवघड नमुने तिथे तपासले जातात. आरएच (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा प्रतिजन) वेगळा असतो, तेव्हा ‘बॉम्बे पॉझिटिव्ह’ की ‘बॉम्बे निगेटिव्ह’ हेही लिहून घ्या. आणि तुमची स्वतःची तपासणी करा. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नांच्या घराण्यात तर शोधावाच. अनोळखी दात्यांच्या यादीपेक्षा सख्खी बहीण लवकर सापडते.

प्रश्न : आम्ही तालुक्याच्या प्रयोगशाळेत रिव्हर्स ग्रुपिंगला ए आणि बी पेशीच लावतो. ओ पेशी लावायच्या तर नेमके कसे? (तंत्रज्ञ, लातूर)

उत्तर : रिव्हर्स ग्रुपिंग म्हणजे रुग्णाच्या रक्तद्रवात ओळखीच्या गटाच्या पेशी टाकून पाहणे. त्यात तिसरी नळी लावा, एवढेच. खात्रीच्या तीन ओ दात्यांच्या पेशी एकत्र करून सलाइनने तीनदा धुवा आणि 5 टक्क्यांचे द्रावण करा. नळीत रुग्णाचे रक्तद्रव दोन थेंब, पेशी एक थेंब. 1000 फेऱ्यांवर एक मिनिट फिरवा, मग तळ हळूच हलवून वाचा. चौथी नळी रुग्णाच्याच पेशी आणि त्याच्याच रक्तद्रवाची. ती वगळू नका. ए आणि बीसारखीच ओची नळीही 4 प्लस (सर्वांत घट्ट गोळा) आली आणि स्वतःची नळी निगेटिव्ह राहिली, तर बॉम्बेचा संशय घ्या.

फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. सर्वांत वाईट म्हणजे पेशी फुटणे. साधे सीरम वापरले तर अँटी-एच पेशी फोडते, तळाशी गोळा उरतच नाही आणि घाईत ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते. म्हणून हलवण्याआधी वरचे पाणी पाहा. लालसर असेल तर तो पॉझिटिव्हच. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नमुन्यात कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिने) बंद पडते, तिथे पेशी फुटत नाहीत, नुसते गोळे दिसतात.

स्वतःची नळीही पॉझिटिव्ह आली तर थंडीत चिकटणारी प्रतिपिंडे असण्याची शक्यता जास्त. नमुना 37 अंशांवर ऊबवून पुन्हा करा. अँटी-एमसारखे एखादे प्रतिपिंडही ओ पेशी चिकटवते, पण ते सगळ्याच दात्यांच्या पेशींशी जुळत नाही. त्यामुळे शिक्कामोर्तब अँटी-एच लेक्टिनने (एचला चिकटणाऱ्या प्रथिनाने). ते युलेक्स युरोपियस या झुडपाच्या बियांपासून मिळते. ओच्या पेशी त्याच्याशी घट्ट चिकटतात, बॉम्बेच्या मुळीच नाहीत. मात्र शेजारी रोज ओ पेशींचे कंट्रोल हवेच. बाटलीतले लेक्टिन मेलेले असेल तर गावातला प्रत्येक ओ ‘बॉम्बे’ ठरेल!

नवजात बाळाला रिव्हर्स ग्रुपिंग लावू नका. त्याची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला काही महिने लागतात.

प्रश्न : मी बॉम्बे पॉझिटिव्ह, पाचवा महिना सुरू आहे. डॉक्टर म्हणतात रक्ताची सोय आधी करा. स्वतःचेच रक्त काढून ठेवता येते का? (म्हापसा)

उत्तर : येते, पण ते पहिले पाऊल नव्हे. आधी हिमोग्लोबिन वाढवा. रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड ही सरकारी गोळी चुकवू नका. तरीही आकडा हलला नाही तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. स्वतःचे रक्त काढायला हिमोग्लोबिन किमान 11 हवे, आणि पिशवी द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवसच टिकते. म्हणजे आत्ता काढून उपयोग नाही. शिवाय काढलेली पिशवी तुमच्याच खात्यातून जाते, 10.5 असताना काढणे म्हणजे आपणच आपल्याला पंडुरोगी करणे. मला दाता आधी गाठून ठेवणे जास्त शहाणपणाचे वाटते: दोन बॉम्बे दाते, फोन नंबरासह, प्रसूतीच्या तारखेभोवती मोकळे. पुरुषाला दोन दानांत 90 दिवसांचे अंतर लागते, स्त्रीला 120, तेव्हा त्यांनी आधीच्या शिबिरात रक्त देऊन बसू नये. जास्त रक्तस्राव झाल्यास तीन तासांच्या आत 1 ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देण्याची तयारी ठेवली आहे का, हे नोंदणी केलेल्या दवाखान्यात विचारा.

बाळाची काळजी कमी. अँटी-एच बहुतांशी आयजीएम जातीचे (मोठ्या रेणूंचे) असते, ते वारेतून पलीकडे जात नाही.

प्रश्न : आई ओ, वडील ओ, आणि मुलगा ए. असे होऊ शकते? (नाव-गाव नको)

उत्तर : होऊ शकते. वडील बॉम्बे असतील आणि आत ए जनुक दडलेले असेल, तर आईकडून एच आणि वडिलांकडून ए मिळून मूल ए होते. घरात भांडण होण्याआधी दोघांच्या ओची पुन्हा तपासणी करा.

प्रश्न : एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिन्यांच्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रकल्पात 500 ओ दात्यांत बॉम्बे शोधायचा विचार आहे. (कोल्हापूर)

उत्तर : आधी भागाकार करा. लोकसंख्येत 10,000 मध्ये एक, आणि ओ ढोबळ 30 टक्के. म्हणजे ‘ओ’ लिहिलेल्या 3,000 जणांत एक. 500 नमुन्यांत अपेक्षित बॉम्बे : एकाचा सहावा भाग. बहुधा शून्य येणार, आणि 500 पैकी शून्य म्हणजे 95 टक्के खात्रीने प्रमाण 167 मध्ये एकापेक्षा जास्त नाही, इतकेच सिद्ध होणार. ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

त्याऐवजी महाविद्यालयाच्या रक्तपेढीच्या मागच्या तीन वर्षांच्या वह्या घ्या. फॉरवर्ड (रुग्णाच्या पेशींची तपासणी) आणि रिव्हर्स जुळले नाहीत असे नमुने किती, कारण काय निघाले, सोडवायला किती तास गेले. एथिक्स समितीची परवानगी आधी काढा, तिला वेळ लागतो. आणि वही उघडल्यावर पहिल्यांदा ओ पेशींचा रकाना आहे का ते पाहा. तो रिकामा सापडला, तर विषय तिथेच मिळाला.